उंट, नेढं आणि आग्या मोहोळ

बायबलचा ऐतिहासिक संदर्भ हा मला साठीत जडलेला आजार. बँकेतून निवृत्त झालो, जाडजाड ग्रंथ मागवले, आणि त्याची शिक्षा रविवारच्या बायबल वर्गाला झाली. श्रीमंतापेक्षा उंटाला सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे वचन आलं की मी घसा खाकरून सांगायचो, यरुशलेमेला ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता. ओझं उतरवलं, गुडघे टेकले, की उंट त्यातून जायचा. मंडळीतल्या पैसेवाल्यांना हा खुलासा फार आवडे. आवडणारच; ओझं अलीकडे उतरवायचं, पलीकडे पुन्हा लादायचं!

अकरा वर्षांनी वर्गातल्या एका कॉलेजकन्येनं विचारलं, “काका, त्या दरवाज्याचा पुरावा?” शोधला. नव्हता. येशूच्या काळातल्या एकाही लेखनात तो दरवाजा नाही. पुढे कित्येक शतकांनी टीकाकारांनी तो बांधला. सुई म्हणजे शिवायची सुई आणि उंट म्हणजे उंट.

गेलेली अब्रू परत मिळवायला मी सहल काढली. यरुशलेम पेन्शनीत बसत नव्हतं, कचारगड बसत होतं. निमित्तही भारदस्त होतं. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, दगडधोंडे गोळा केले, आणि एका परधान गायकाच्या तोंडून गोंडांची लिंगोची कथा उतरवून घेतली. 1863 मध्ये टाकळघाटची दगडी वर्तुळं बघून परतताना ते ओढ्यात बुडाले. त्यांची टिपणं 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. त्या कथेत गोंड गुहेत कोंडले जातात आणि तोंडावर भलीमोठी शिळा बसते. कथेतलं काचीकोपा लोहागड म्हणजेच कचारगड, असं गोंड भाविक मानतात. माघ पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. गुहा, शिळा, मिशनरी! डिसेंबरातल्या व्याख्यानाला आणखी काय हवं?

गोंदियाहून पॅसेंजरनं दरेकसाला उतरलो. मी, सात पोरं, आणि पिशवीत मूठभर ऊद. मागी लोकांनी बाळ येशूला वाहिला तो, वातावरणनिर्मितीसाठी. धनेगावात एक म्हातारबाबा भेटले. ‘जय सेवा’ झालं. पिशवीतून येणारा वास घेऊन ते म्हणाले, “वर धूर नोका करू जी. मोहोळ हायेत.”

मी मान डोलावली. शिकलेला माणूस जशी डोलावतो तशी.

वर पोचलो. गुहेचं तोंड एवढं अजस्र की आपोआप आवाज खाली येतो. माझा नाही आला. “दुधामधाचा देश,” मी सुरू केलं, “यातला मध म्हणजे मधमाशीचा नव्हे बरं का. तो खजुराचा रस, आपल्या काकवीसारखा.” आणि गुहेबाहेरच्या एका खडकावर ऊद पेटवला.

खजुराचा रस गुणगुणत खाली आला.

आग्या मोहोळ उठलं की माणसाला कुठल्याच संदर्भाची गरज राहत नाही. पोरं शहाणी, ती पंचे-ओढण्या पांघरून उताराला लागली. मला मात्र दोन धोंडींमधली फट दिसली आणि मी तीत शिरलो. अर्धा. ट्रेकिंगवाले असल्या भोकाला नेढं म्हणतात, हे तिथे आठवलं, आणि सुईच्या भोकालाही तोच शब्द आहे हेही. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन ग्रंथ, पुढे पोट. सॅक काढायला हात पोचेना. पुरावा नसलेल्या त्या दरवाज्यात एक उंट मी स्वतः अडकवून दाखवला.

मागोमाग वर आलेल्या बाबांनी घोंगडी टाकून मला मागच्या मागे उपसलं. ‘सांगितलं होतं’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्याचाच जास्त डंख बसला.

त्यांच्या घरी नेलं. बाबा ओशाळून म्हणाले, “पावन्याच्या खोलीत लेकीचे सासरचे उतरले हायेत जी. जागा नाही. इकडं बसा.” इकडं म्हणजे त्याच छपराखाली, शेळ्या बांधल्या होत्या तिथे. मी गव्हाणीला टेकलो. एक शेळी माझ्या सुजलेल्या कानाकडे आशेनं पाहत होती.

कॉलेजकन्या माझ्या मानेतल्या नांग्या काढत होती. “काका, यार्देनच्या खोऱ्यात, तेल रेहोवला, मातीच्या नळकांड्यांची मधमाश्यांची पोळीघरं सापडलीत. 2007 मध्ये. तीन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे मधमाशीचा मधही होताच.” माझ्या मानेलाच ते एवढं पटलं होतं की तोंडानं बोलायची गरज नव्हती.

मग बाबांनी त्यांची कथा सांगितली. काली कंकालीची 33 मुलं गुहेत कोंडलेली, तोंडावर शिळा. हिरासुका पाटालीरनं गाऊन-वाजवून शिळा हलवली आणि तिच्याखाली तोच गेला. लिंगोनं मुलांना शिकवून शहाणं केलं. मला राहवेना. “आमच्या लाजराच्या कबरेवरही धोंड होती!”

“असन जी,” बाबा म्हणाले. “पण हे पोरं आमचे हायेत.”

गप्प बसलो. शेळीनं गव्हाणीत तोंड घातलं, आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातला एक शब्द मानगुटीवर बसला. उतारशाळेत जागा नव्हती, असं आपण वाचतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘कताल्यूमा’. शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी लूक हाच शब्द वापरतो, म्हणजे पाहुण्यांची खोली. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत खरीखुरी सराय येते तिथे त्याचा शब्द वेगळा आहे. हे मी दोनदा वाचलं होतं, एकदा अधोरेखितही केलं होतं. पण बेथलेहेमातल्या त्या घरात खोली आधीच भरली असेल, आणि कुणीतरी ओशाळून ‘इकडं बसा’ म्हटलं असेल, हे ग्रंथांतून कधी दिसलं नव्हतं. नाताळच्या नाटकात मरियेला हाकलून देणारा उतारशाळेचा मालक मी गेली चौदा वर्षं डोळे वटारून करत आलोय.

यंदा ते पात्र नाही. त्याचा काळा कोट धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे, कंबर 44. कुणाच्या नाटकात लागत असेल तर घेऊन जावा.