केऑसला यायचं हं!

आता एवढंच बघायचं राहिलं होतं! शिर्डीतल्या एका पालक-ग्रुपवर फर्मान सुटलं : ‘डियर ऑल, काइंडली ओन्ली इंग्लिश.’ का, तर म्हणे मुलांच्या कानांना सवय लागते. अहो, पण मुलं ग्रुपवर आहेतच कुठे? मुलं घरात बसून बापाचं इंग्रजी वाचून लोळताहेत. आणि आपण काय केलं? निषेध? छे! आपण अंगठा वर केला. सगळ्यांनीच केला. ज्यांना फर्मान कळलं नाही, त्यांनी तर दोनदा केला.

आता जरा माणसं बघा. हारफुलांचं दुकान असलेले आपले एक भाऊ. हैदराबादचं कुटुंब दिसलं की तेलुगूत हाक, चेन्नईचं दिसलं की तमिळमध्ये भाव, इंदूरवाल्याला हिंदीत साईंची शपथ. (तेलुगूत ‘या, या’ला काय म्हणतात ते इथे छापायला नको. शिर्डीकरांना ठाऊक आहे, आणि पहिल्यांदा ऐकणारा मराठी पाहुणा कसा दचकतो तेही.) चार भाषांत पेढे खपवणारा हा माणूस ग्रुपवर आला की मुका! दिवसभर नुसतं ‘नोटेड’. फीची तारीख आली, नोटेड. सहलीला डबा आणा, नोटेड. कुणाचे सासरे गेले, तरी नोटेड! मग घरून फोन आला असावा, कारण पाच मिनिटांनी खाली उमटलं, ‘सॉरी, आरआयपी.’

आणि त्या काकू! बाजारात भाजीवाल्याला रडवणारी ही बाई आता शेजारणीला लिहिते, ‘प्लीज डू द नीडफुल.’ म्हणजे काय करायचं? शेजारीण दोन तास विचारात. शेवटी भिंतीवरून डोकावून विचारलं, तेव्हा कळलं की विरजण हवं होतं.

पण खरा मान यंत्राला. मराठी टाकायचं, इंग्रजी उचलायचं, डोळे मिटून चिकटवायचं. एका घरी नव्या सुनेच्या आगमनाचं जागरण-गोंधळ होतं. आमंत्रण काय आलं म्हणता? ‘टुनाइट केऑस ॲट अवर होम. ऑल आर इन्व्हायटेड विथ फॅमिली.’ घ्या! कुणी विचारलं, ‘पोलीसला कळवलं का?’ कुणी ‘गेट वेल सून’ लिहून मोकळं. एकाने तर ‘कॉन्ग्रॅच्युलेशन्स’ ठोकलं, आणि तोच एकटा बरोबर निघाला.

भांडणात तर पार वाट. इंग्रजीत भांडता येतं होय? ‘यू आर व्हेरी दिस थिंग’ याच्या पुढे गाडी सरकत नाही. मग शोध लागला व्हॉइस मेसेजचा. फर्मान लिहिण्यापुरतं, बोलण्यावर बंदी कुठे आहे? झालं! वर सभ्य ‘आय डिसॲग्री’, खाली अडीच मिनिटांचा आवाज, त्यात राहात्यापासून कोपरगावापर्यंतचा सगळा शब्दसंग्रह. तो ऐकायला आपण कानात बोंडकं घालून गच्चीवर जातो की नाही? खरं सांगा. आणि अर्थात ‘दुसरा ग्रुप’ही आहेच. तिथे पहिल्या ग्रुपचं इंग्रजी आणून चघळलं जातं. तुम्ही नाही त्यात? मग रात्री अकराला तुमचा मोबाइल कशाला पेटतो?

बरं, हे खूळ रुजलं कुठे, तर शिर्डीत! जिथे खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापतींनी फकिराला हाक मारली ती ‘आओ साई’ अशी. म्हाळसापती आज ग्रुपवर असते तर ‘काइंडली’ करत बाहेरच काढले असते. दाभोलकर बघा. इंग्रज सरकारचे मॅजिस्ट्रेट, इंग्रजी पोटापाण्याचीच. तरी ‘साईसच्चरित’ लिहायला बसले तेव्हा ओवी मराठी. गुणाजींचं इंग्रजी रूपांतर आलं ते 1944 मध्ये, दाभोलकर जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. तोवर लोकांची पारायणं काही खोळंबली नव्हती.

आणि नेवासं आपल्याच जिल्ह्यात ना? तिथे 1290 मध्ये एका कोवळ्या पोराने गीता मराठीत आणली. तेव्हाचे ॲडमिन संस्कृतवाले. त्या पोराला नि त्याच्या भावंडांना त्यांनी आधीच वाळीत टाकलेलं. वाळीत टाकणं म्हणजे तेव्हाचं ‘रिमूव्ह’च की हो. फरक इतकाच, की त्या ॲडमिनना संस्कृत येत तरी होतं!

एक बाजू मात्र फर्मानवाल्यांचीही, उगाच पाप नको. 2017 मध्ये काकडीला विमानतळ झाला, परप्रांतातली माणसं नोकऱ्यांना येऊन राहिली, त्यांची पोरं याच शाळांत. त्यांना मराठीतली सूचना कशी कळावी? रास्त आहे. पण गंमत अशी, की त्या ग्रुपवरची केरळची एक आई दोन वर्षांत झकास मराठी शिकली, आणि आता तिलाच विचारावं लागतं, ‘ताई, हे काय लिहिलंय ओ त्यांनी?’

3 ऑक्टोबर 2024 ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा तर ग्रुपला उधाण. ‘प्राउड मोमेंट फॉर अवर मदर टंग!’ खाली रांगच रांग : ‘सेम हिअर.’ ‘प्राउड.’ ‘नोटेड.’ ते शेवटचं कुणाचं, सांगायला नको.

तर त्या केऑसला आपण सगळे गेलो. पोलीस सोडून सगळे. संबळ वाजला, दिवटी पेटली, भंडारा उधळला, आणि ‘येळकोट येळकोट’ला सर्वांत मोठा घसा कुणाचा, तर फर्मानवाल्या ॲडमिनचा. कपाळ पिवळंजर्द, सदरा पिवळाजर्द. पहाटे जेवणं झाली. घरी येऊन पाठ टेकतो न टेकतो तोच मोबाइल वाजला. ॲडमिनच : ‘थँक्स टू होस्ट फॉर लव्हली केऑस.’

आपण पडल्या पडल्या अंगठा वर केला. त्यालाही भंडारा लागलेलाच होता.