याला लागतं काय?

आष्टीत पानावर डाग दिसला की त्याला नाव द्यायला माणसं कमी पडत नाहीत. परतूर तालुक्यातलं हे गाव. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर, अधूनमधून मोसंबीची बाग. इथल्या माणसांचा जन्म पिकाचं पान निरखण्यात गेलेला. अशा गावात आमच्या ओसरीवर कुंडीतलं रबराचं झाड आहे, आणि भादव्यात त्याच्या जाड, चकचकीत पानांवर तपकिरी ठिपके उमटले.

कापूसवाले काका पायरी चढता चढताच म्हणाले, "हा तं लाल्या हाय. मॅग्नेशियम कमी पडलंय." मोसंबीवाल्या दादांनी पान उलटं केलं, डोळे बारीक केले आणि कोळी ठरवून टाकला. "गंधक मारा. नाहीतर मंगू होतं." कुंडीतल्या रबराला फळच धरत नाही तर मंगू होणार कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. भुईमुगाचा जुना अनुभव असलेल्या एका आजोबांनी टिक्का म्हणून निकाल दिला. ज्याच्या रानात जो रोग, तोच त्याला कुंडीत दिसत होता. त्यात चूक काही नाही; डॉक्टरलोकांचंही असंच चालतं.

कृषी सेवा केंद्रातला संवाद मात्र लक्षात राहण्यासारखा झाला.

"पीक कोणतं?"

"कुंडीतलं झाड."

"किती एकर?"

शेवटी पंधरा लिटरच्या पंपाच्या प्रमाणात एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि वर एक टॉनिक, असं त्रिकूट समोर आलं. कुंडी बादलीएवढी आणि औषध शिवाराला पुरेल इतकं!

औषधाला माझा विरोध नाही. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तर वाटसरूंमुळे सापडलं म्हणतात. फ्रान्समध्ये बोर्डोच्या बाजूला रस्त्याकडेची द्राक्षं कुणी तोडू नयेत म्हणून मालक त्यांवर हे निळसर पाणी शिंपडत. तेवढ्याच वेलींवर केवडा आला नाही, हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत भरलं आणि 1885 मध्ये त्याने ते जगाला सांगितलं. चोरासाठी केलेला उपाय बुरशीला लागू पडला. पण मिलार्देने आधी पाहिलं आणि मग सांगितलं. आपल्याकडे क्रम जरा वेगळा असतो.

पाहायचं म्हटलं तर पान बरंच बोलतं. डाग गोल, कडेला गडद, मध्ये राखाडी आणि त्यात काळे बारीक कण असतील तर बुरशी, म्हणजे आपला करपा. डाग ओलसर, शिरांशी अडून कोनाकोनाचा झालेला आणि भोवती पिवळी कड असेल तर संशय जिवाणूवर. उन्हाच्या बाजूचीच पानं कागदासारखी वाळली असतील तर ते ऊन. आमच्या वैशाखात माणूस करपतो, तिथं पानाची काय कथा. फक्त शेंडे आणि कडा जळल्या आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला, तर बोअरचं जड पाणी. आणि कोळी आहे का हे दादांच्या शब्दावर न ठरवता पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. ठिपके चालू लागले तर दादा खरे.

गंमत म्हणजे काही ठिपके रोगाचे नसतातच. रबराचं पान नीट निरखलं की बारीक पांढुरके ठिपके दिसतात, नखाने खरवडले तरी जात नाहीत. तो झाडाने स्वतःच्या पेशीत साठवलेला चुना. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षाच्या घोसासारखा लोंबकळताना दिसतो आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्याची आकृती काढलेली असते.

रबर हे वड, पिंपळ, उंबराच्या घराण्यातलं. आता उंबराचं पान घ्या. त्यावर किडीने केलेल्या गाठी भरभरून असतात, पण उंबराला कुणी फवारल्याचं ऐकिवात नाही. तिथं दत्तगुरू आहेत. पंप घेऊन जाणार कोण? कुंडीतल्या झाडाला मात्र देवही नाही आणि पीकही नाही. म्हणून काकांनी जाता जाता विचारलंच, "पण याला लागतं काय?"

काही नाही लागत. पण मेघालयात याच झाडाची मुळं ओढ्यावरून पलीकडे वळवून खासी लोक पूल करतात, आणि त्या जिवंत पुलावरून माणसं ये-जा करतात. काकांना हे सांगितलं. त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग दुधना नदीच्या दिशेला पाहिलं, आणि काही बोलले नाहीत.

आमच्या रबराच्या पानांवरचे डाग गोल होते आणि त्यांत काळे कण होते. बुरशी. कारण साधं: पानं चकाकावीत म्हणून घरातलं कुणी ना कुणी रोज संध्याकाळी त्यांना अंघोळ घालायचं. पान रात्रभर ओलं, हवा दमट, खाली बशीत पाणी तुंबलेलं. बुरशीला आणखी काय हवं? डागाळलेली पानं काढून जाळली, पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी घालायचं ठरलं, बशी रिकामी केली. नवी पानं कोरी आली.

तेव्हा तुमच्याही दारात असं झाड असेल तर आधी पान उलटून बघा, मग बशी बघा. दुकान त्यानंतर. आणि तिथं किती एकर विचारलं तर हसू नका, खरं ते सांगा.