जुना लॅपटॉप घेताना विचारायचे उद्धट प्रश्न

वऱ्हाडातला माणूस बैल घ्यायला निघाला की त्याच्या अंगात न्यायाधीश संचारतो. तो दात मोजतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो. बैल कोणत्या गावचा, कोणाच्या गोठ्यातला, का विकतात, हे तिघाचौघांना वेगवेगळं विचारतो, आणि बाजार समितीची पावती झाल्याशिवाय कासरा हाती धरत नाही. हाच माणूस पोरासाठी जुना लॅपटॉप घ्यायला गेला की डोळे मिटतो. पिशवीतून निघालेली वस्तू, चहाच्या टपरीवरची ओळख आणि बाजाराच्या निम्म्याहून कमी भाव. बिलाचं विचारलं तर विकणाऱ्याच्या आधी हाच उत्तर देतो, 'बिलाचं काय लोणचं घालायचं हाय काय, भाऊ?' प्रस्तुत मार्गदर्शिका या गृहस्थासाठी आहे. चोरांसाठी नाही. त्यांना त्यांचा धंदा चांगला समजतो.

आधी सिद्धान्त सांगतो. चोरीचा लॅपटॉप उलटापालटा करून ओळखायचा असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. तो ओळखू येतो तो भावावरून आणि त्याच्यासोबत आलेल्या हकिगतीवरून, आणि घेणाऱ्याला तो बहुधा ओळखू आलेलाच असतो. अवघड आहे ते ओळखलं हे स्वतःशी कबूल करणं. पुढचे सगळे नियम त्या कबुलीचे आहेत, संगणकशास्त्राचा भाग त्यात थोडाच.

नियम पहिला: भाव ऐकून आनंद झाला तर थांबावे. हिवरखेडसारख्या गावात जुन्या लॅपटॉपला खरी गरज आहे, हे कोणी नाकारत नाही. पीकविम्याचे आणि भरतीचे अर्ज, एमएस-सीआयटीचा सराव, कॉलेजातल्या पोरीचा प्रोजेक्ट, या कामांसाठी नवा कोरा लॅपटॉप घेणं म्हणजे कपाशीचा हिशोब आधीच खर्चून बसणं. जुनं घेण्यात काही कमीपणाही नाही. मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप तीनचार वर्षं वापरून एकगठ्ठा काढतात. डेलचे लॅटिट्यूड, लेनोवोचे थिंकपॅड असे हजारोंनी बाजारात येतात, दुकानदार ते साफसूफ करून बिलासकट विकतात. त्या मालाचा भाव अकोल्याच्या दोन दुकानांत फोन केला तरी कळतो. तोच मॉडेल टपरीवर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत असेल, तर उरलेले दोन हिस्से कोणी भरले, हा प्रश्न विचारायला गणिताची पदवी लागत नाही. कायदासुद्धा इथूनच सुरू होतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल चोरीचा आहे हे ठाऊक असलं पाहिजे, एवढंच तिथे लिहिलेलं नाही. तसं मानायला कारण होतं, एवढंही पुरतं. आणि तिसऱ्या हिश्श्यातला भाव हे कारण नसेल, तर कारण म्हणजे काय, हे त्या गृहस्थाने आम्हांला समजावून सांगावं.

नियम दुसरा: विकणाऱ्याच्या तक्रारी मोजाव्यात. हा या शास्त्राचा गाभा आहे. ज्याने लॅपटॉप खरोखर वापरला आहे तो त्याला कंटाळलेला असतो, आणि न विचारता सांगतो: बॅटरी तासभरही टिकत नाही, 'ई' हे बटण दोनदा दाबावं लागतं, उन्हाळ्यात पंखा गिरणीसारखा ओरडतो, पोराने झाकणावर स्टिकर लावला तो काही निघत नाही. मग तो हळूच हेही सांगतो की पोरीची बारावी याच्यावरच झाली, आणि क्षणभर विकावा की नाही अशा विचारात पडतो. अशा माणसाकडून खुशाल घ्यावा, थोडा जास्त भाव देऊन घ्यावा. चोराला मात्र एकही तक्रार नसते. त्याचा माल 'एक नंबर' असतो, कारण त्याने तो चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलेला असतो. त्याला पासवर्ड माहीत नसतो, चार्जर 'गावी राहिलेला' असतो, आणि आत कोणातरी अनोळखी बाईच्या नावाचं खातं आणि तिच्या घरच्या लग्नाचे फोटो असतात. विकायला काढलेल्या यंत्रात आपल्या घरचे फोटो कोणी ठेवत नाही.

नियम तिसरा: यंत्राला त्याचा नंबर विचारावा. इथे एक गैरसमज दूर करणं भाग आहे. मोबाइलला पंधरा आकडी आयएमईआय असतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की तो दिसतो, आणि मे 2023 पासून देशभर चालू झालेल्या सीईआयआर यंत्रणेमुळे तो फोन बंद केलेल्यांच्या यादीत आहे का, हे घरबसल्या पाहता येतं. हे ऐकून पुष्कळांनी लॅपटॉपचंही तसंच असेल असं धरलं. तसं नाही. लॅपटॉपची अशी देशव्यापी सरकारी यादी नाही. त्याला कंपनीचा सिरीयल नंबर असतो, डेलमध्ये सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग. तो खालच्या लेबलवर असतो आणि बायोसमध्येही असतो. लॅपटॉप सुरू होताना डेलवर एफ-टू, एचपीवर एफ-टेन दाबलं की बायोस उघडतं. दोन्ही नंबर जुळले पाहिजेत. लेबल खरवडलेलं असेल तर पुढचं पाहण्याचे कष्टच घेऊ नयेत. जुळले तर तो नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकावा. वॉरंटी सहा महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि विकणारा म्हणतो 'पाच साल वापरला', तर दोघांतलं एक खोटं बोलतं, आणि कंपनीला तसं करायचं काही कारण नाही.

यावर 'फॉरमॅट मारला की कोणाले काय समजते' असा आक्षेप येतो. आक्षेप घेणारा हुशार असतो, पण दहा वर्षं जुन्या काळातला. फॉरमॅटने डिस्क पुसते, बायोसमधला नंबर तिथेच राहतो. कंपनीने विंडोज ऑटोपायलटमध्ये नोंदवलेला लॅपटॉप पुसून इंटरनेटला जोडला की तो पुन्हा त्याच कंपनीचं नाव दाखवून लॉगिन मागतो. अलीकडच्या मॅकला ॲक्टिव्हेशन लॉक असतं, आणि मूळ मालकाच्या पासवर्डशिवाय तो पुढे सरकत नाही. म्हणून नियम चौथा असा की लॅपटॉप विकणाऱ्याने आपल्यासमोर, इंटरनेट जोडून, शून्यापासून सुरू करून दाखवावा. याला तासभर लागतो. तेवढा वेळ चोराकडे नसतो.

नियम पाचवा: एकाच मापाच्या आठ रॅम पुडीत बांधून घेऊन फिरणाऱ्याच्या मागे कुठल्या तरी शाळेची संगणक खोली अंधारात बसलेली आहे, असं समजावं.

नियम सहावा: पावती. 'बिल हरवलं' हे खरंही असू शकतं. दहापैकी किती घरांत फ्रिजचं बिल सापडेल, हे ज्याने त्याने मनात विचारावं. म्हणून मूळ बिल नसणं हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. पण मूळ बिल नाही म्हणून नवी पावतीही नको, हा न्याय कुठला? साध्या कागदावर मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि विकणाऱ्याची सही घ्यावी, त्याच्या ओळखपत्राची प्रत जोडावी, पैसे रोख न देता खात्यावर टाकावेत. दुकानदाराकडून घेत असाल तर बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर तो 27 ने सुरू होतो, आणि सरकारी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. हा कागद शोभेसाठी नाही. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 119 मध्ये, आणि त्याआधी 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात, एक उदाहरण दिलं आहे: चोरीनंतर लवकरच माल ज्याच्याजवळ सापडला, तो एक तर चोर आहे किंवा जाणूनबुजून घेणारा आहे, असं न्यायालय धरून चालू शकतं, माल कसा आला हे त्याला सांगता आलं तर गोष्ट वेगळी. ते सांगायला 'एक जण आला होता' हे वाक्य अपुरं पडतं.

आता त्या गृहस्थाचा ठेवणीतला युक्तिवाद: 'आपण तं पैशे मोजले, आपण कायले भ्यायचं?' पैसे मोजल्याने माल आपला होतो, ही समजूत फार जुनी आणि फार चुकीची आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 27 प्रमाणे साधारणपणे विकणाऱ्याचा जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. चोराचा हक्क शून्य, म्हणून तुमचाही शून्य. पोलीस लॅपटॉप जप्त करतात, तो न्यायालयामार्फत मूळ मालकाकडे जातो. तुमचे पैसे विकणाऱ्याकडून मागायचा हक्क तुम्हांला आहे, फक्त त्यासाठी विकणारा सापडावा लागतो. आणि 317 मध्ये 'घेणं' या शब्दाजवळच 'ठेवून घेणं' हाही शब्द आहे. घेताना माहीत नव्हतं पण नंतर कळलं आणि तरी कपाटात ठेवला, तर तीही सुटका नाही. तेव्हा कळल्या दिवशी लॅपटॉप आणि पावती घेऊन पोलीस ठाणं गाठावं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: मी नाही घेतला तर दुसरा घेईल, चोरी काही थांबत नाही. एका माणसापुरतं हे खरं आहे. पण चोर लॅपटॉप वापरायला चोरत नाही, विकायला चोरतो. रेल्वेत झोपलेल्या प्रवाशाच्या उशाची बॅग उचलताना त्याच्या मनात तुमचाच चेहरा असतो, न विचारणाऱ्याचा. गावातल्या दहा जणांनी सिरीयल नंबर विचारायला सुरुवात केली की त्या गावात माल आणायचा खर्च वाढतो, आणि हा धंदा खर्च वाढला की दुसरीकडे जातो. ओळखीचा माणूस आहे, विचारायला बरं नाही वाटत, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं की ओळखीच्या माणसाला उत्तर देता येतं.

नियम शेवटचा: वरचे सगळे प्रश्न एकामागून एक विचारावेत आणि विकणाऱ्याकडे पाहत राहावं. तो कंटाळला, 'लय पिरपिर करता बाप्पा' म्हणाला आणि तरी कागद शोधायला घरात गेला, तर घ्यावा. त्याला घाई झाली आणि भाव आणखी हजाराने उतरला, तर उठावं.