एका फुकटीचं पत्र

पाणी विषयातल्या माननीय सल्लागार साहेबांस,

रविवारी तुमच्या भाषणाला मी मागच्या रांगेत होते. "लोकांना फुकट पाण्याची सवय लागलीय, खासगी कंपनीकडे द्या, शिस्त लागेल," असं म्हणून तुम्ही सीलबंद बाटलीतून एक घोट घेतलात आणि बाटली टेबलावरच सोडून उठलात. ती मी घरी आणली. रागावू नका, फुकट दिसली, सवय आहे.

शिस्तीचं म्हणाल तर आमच्या शहागंज भागात या. पाणी आठव्या दिवशी, पण रात्री अडीचला की पहाटे, ते कळत नाही. म्हणून अख्खी गल्ली नळाकडे कान लावून झोपते. आधी हवेची फुसफुस, मग गढूळ धार, मग मोटारींची घरघर. पाऊण तासात हौद, ड्रम, पातेली, शेवटी कुकरसुद्धा भरायचा. सासूबाई गुडघे धरून पायरीवर बसतात आणि हंडे मोजतात.

आणि फुकट? वर्षाची पाणीपट्टी 4050 रुपये होती, नंतर निम्मी झाली. पट्टी 365 दिवसांची, पाण्याचे दिवस 45. वर प्यायला जार, लग्नकार्याला टँकर. जारवाला खासगी, टँकरवालाही खासगी. आमचं खासगीकरण कधीच उरकलंय साहेब, निविदा तेवढी निघाली नाही.

पण झोंबलं ते वेगळंच. तुम्ही असं बोललात, जणू ही कल्पना या शहराला आजच सुचतेय. आमच्या शहराच्या 'समांतर' जलवाहिनीचं नाव ऐकलंय? 2011 चा करार, 792 कोटींची योजना, मुदत वीस वर्षं. 1 सप्टेंबर 2014 ला शहराचं पाणी कंपनीच्या हाती गेलं आणि 2016 च्या जूनमध्ये पालिकेच्या सभेनं करार रद्द करायचा ठराव केला. जायकवाडी धरणाहून यायची ती मोठी जलवाहिनी काही आली नाही. वीस वर्षांचा संसार दोन वर्षांत मोडला, आणि तुमच्या पडद्यावरच्या चाळीस चित्रांत त्याची एक ओळ नाही? पॅरिसनं 2010 मध्ये पाणी परत पालिकेकडे घेतलं, तेही नाही. विसरलात की आम्ही विसरलोय असं वाटलं? उन्हात रिकामे हंडे वाजवत मोर्चात चाललोय आम्ही. आमच्यापुढं असं बोलायला जीभ रेटते कशी?

पालिकेची आरती ओवाळत नाहीये मी. नव्या पाणी योजनेच्या 1680 कोटींचे 2740 कोटी कसे झाले, हेही विचारायचंय. पण ते पत्र वेगळं.

खरं तर हे पत्र याहून तिखट होणार होतं. पण भाषण संपल्यावर जिन्यात तुम्ही फोनवर बोलत होता. "टँकर आला का? आईला म्हणावं बादल्या उचलू नको, मी आलो की चढवतो." दोनदा सांगितलंत. आवाज मंचावरचा नव्हता.

बाटली अजून अर्धी भरलेली आहे. घेऊन जा. घड्याळाच्या मनोऱ्यापासून दुसरी गल्ली, हिरवं दार. फक्त बुधवारी रात्री नको, तेव्हा नळाची पाळी आहे.

आपली,
एक फुकटी