लाल त्रिकोणाचं रसायन

१९९७ साली अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात नेथन झोनर नावाच्या चौदा वर्षांच्या पोरानं विज्ञान प्रदर्शनासाठी एक उद्योग केला. ‘डायहायड्रोजन मोनॉक्साईड’ या रसायनाचे प्रताप त्यानं वर्गमित्रांपुढं मांडले. आम्लपावसात हे असतं, वाफ झाली की भाजतं, लोखंड गंजवतं, जमिनीची धूप करतं, श्वासात गेलं तर माणूस दगावतो आणि ज्याला याची सवय लागली तो ते बंद होताच मरतो. बंदी घालायची का? पन्नासपैकी ४३ जण म्हणाले, घाला. सहा जणांचं ठरेना. हे साधं पाणी आहे, एवढं फक्त एकाला कळलं. पुढं २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलिसो विएहोची नगर परिषद याच रसायनाच्या धास्तीनं फोमच्या कपांवर बंदीचा ठराव घ्यायला निघाली होती. तेव्हा आपल्या नगरसेवकांना उगाच नावं ठेवू नयेत.

आता हीच यादी गेवराईकडच्या एखाद्या मोसंबीवाल्याला वाचून दाखवा. लोखंड गंजवतं म्हणालात तर तो म्हणेल, “गंजायला मोटार आधी बुडावी लागती, आमची हवेतच लोंबकळलीय.” श्वासात गेलं तर? “आधी बोअरात तर येऊ द्या!” आणि यादी संपायच्या आत तो मुद्द्यावर येईल, “ते सगळं खरं हो, पण भेटतं कुठं? आन् उधारीवर भेटतं का?”

झोनरनं प्रयोगासाठी चुकीचा मुलूख निवडला. तिकडं लोक नाव ऐकून घाबरले. आमच्याकडं नाव, गाव, चव सगळं माहीत असूनही सरकारदरबारी हे स्फोटकच. बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं, तेव्हा त्याच्यावर तहान भागवणाऱ्या लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. पाचपेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. पाण्याभोवती, दारूगोळ्याभोवती नव्हे! मग एप्रिलमध्ये मिरजेहून हे रसायन रेल्वेनं आणलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, प्रवास सुमारे साडेतीनशे किलोमीटर. स्वागताला माणसं होती, पोलीसही होते. रस्त्यानं जाणाऱ्या टँकरचा थाट तर काय सांगावा. तहसीलचा आदेश, खेपांची नोंद, गावात कुणाची तरी सही, वर जीपीएस. अॅसिडचा टँकर यापेक्षा मोकळेपणानं फिरतो.

मग लेबल तरी का नको? कृषी सेवा केंद्रातल्या प्रत्येक बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. पाण्याचा त्रिकोण कुठला, यावर आमच्याकडच्या बागायतदारांत दोन तट पडतील. हिरवावाले म्हणतील, पितो की आपण. लालवाले म्हणतील, जास्त पाजलेली मोसंबी पाहा. बुंध्यातून डिंक गळतो, मुळं कुजतात, आणि पाट सोडून झोपणाऱ्याच्या रानात वर क्षार फुटतात ते वेगळेच. माझं मत लालवाल्यांना. मात्रा पाहून पाणी वापरणारी जात या जिल्ह्यात ठिबकवाल्या बागायतदाराचीच. बहार धरण्याआधी तो मोसंबीचं पाणी मुद्दाम तोडतो, झाड ताणावर सोडतो, पानं पिवळी पडली की हिशेबानं पाणी देतो, मग झाड फुलतं. वरचा देवही याच शास्त्राचा अभ्यासक असावा, कारण तो अधूनमधून अख्खा जिल्हाच ताणावर सोडतो. बहार मात्र टँकरच्या ठेकेदाराला येतो.

सीताफळानं हे सगळं आधीच ओळखलं. बालाघाटच्या खडकात उभं राहून ते या रसायनावाचून जगायला शिकलं, आणि २०१६ च्याच त्या साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. असा संयम ज्याच्या अंगी नाही ते पीक म्हणजे ऊस. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर पाऊस, उसाला मात्र पाणी हवं त्याच्या तिपटीच्या आसपास. तरी माजलगावच्या कालव्याखाली उसाला कुणी लाल त्रिकोण दाखवायला जात नाही. कारखान्याच्या चिमणीला त्रिकोण चिकटवायचा तर एवढी उंच शिडी कोण देणार?

लेबलवर शेवटचा रकाना उताऱ्याचा असतो. विष पोटात गेलं तर काय करावं, हे तिथं छापतात. इथं प्रश्न उलटा, पोटात गेलंच नाही तर काय करावं? माझ्या मसुद्यात असं लिहिलंय: मुकादमाकडून उचल घ्यावी, बायकोसह एक कोयता व्हावं, पोरं म्हाताऱ्यांच्या हवाली करावीत आणि दिवाळीच्या सुमाराला ट्रकमध्ये बसून सांगली-कोल्हापूर गाठावं. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास हेच रसायन असतं. तिथं त्याची मोळी बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवावी. त्या वाहतुकीला तहसीलदाराचा आदेश लागत नाही, आणि पाचपेक्षा जास्त माणसं जमली तरी कुणी कलम लावत नाही.