आयटी सोडलेला

पेन्शनर, वाडा पाडून बिल्डर झालेला मालक आणि अमेरिकेत मुलं असलेले आईबाप या पुण्याच्या जुन्या जमातींत अलीकडे आणखी एका जमातीची भर पडली आहे: आयटी सोडलेला. हा ओळखावा लागत नाही, तो स्वतःच सांगतो. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसला, की मठ्ठा येण्याआधी आपल्याला त्याचं शेवटचं पॅकेज कळलेलं असतं आणि त्याने ते कसं लाथाडलं हेही. नंतर मिशीवर बोट फिरवत तो म्हणतो, "आता आपण शेतकरी." खरा शेतकरी असं कधी म्हणत नाही. "बघतो आपली थोडीफार शेती," एवढंच म्हणून तो कर्जाच्या विषयाकडे वळतो.

आपला गडी चाळिशीचा. पंधरा वर्षं हिंजवडीत गेली. पहिली पाच कोड लिहिण्यात, पुढची दहा इतरांनी तो का लिहिला नाही हे एक्सेलमध्ये भरण्यात. काम कुठल्याशा परदेशी बँकेचं, भाषा कोबॉल. ही भाषा 1959 सालची. तिला अजून कुणी नारळ दिलेला नाही, चाळिशीच्या प्रोग्रॅमरला मात्र दर एप्रिलात तो दिसू लागतो. अशाच एका एप्रिलात, वाकडच्या पुलावर गाडी अडकलेली असताना, त्याला नैसर्गिक शेतीवाला जपानी मासानोबू फुकुओका भेटला, म्हणजे कानातल्या हेडफोनवर. नांगरणी नाही, खत नाही, खुरपणी नाही. दहा वर्षं मॅनेजर असलेल्या माणसाला ही पद्धत लगेच पटते. शिवाय फुकुओकाही नोकरी सोडलेलाच, योकोहामाच्या कस्टम्समधली. त्याच्या वडिलांच्या मालकीची बाग होती, तो भाग आपला गडी जरा भरभर ऐकतो.

कारण जमिनीपाशीच सगळं अडतं. 1948च्या कूळकायद्यामुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. ज्यांना पंधरा वर्षांत दिवाळीचा साधा मेसेज गेला नव्हता, त्या चुलत्यांच्या पाया पडायला हा भोरकडे जातो तो याच सुमारास. आजोबांच्या सातबाऱ्यावर बावीस वारस निघतात, याच्या वाट्याला आठ गुंठे. तेवढ्यावर तो कायद्याने शेतकरी ठरतो आणि मुळशीत दोन एकर घेतो. फेरफार नोंदीसाठी तलाठ्याकडे घातलेल्या खेपांचं वर्णन तो आजही "डिपेंडन्सी" या एका शब्दात करतो.

आयटी सोडली तरी आयटी याला सोडत नाही. सकाळी साडेसातला बांधावर उभं राहून मीटिंग. हजर कोण, तर हा स्वतः, एक कामगार आणि एक कुत्रं. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. अडचण रोजचीच, रानडुकरं. त्यांच्यावर तिकीट उघडलेलं आहे, बंद होत नाही. मातीतला ओलावा मोजायला सेन्सर पुरला आहे. त्याचा आकडा मोबाइलवर यायच्या आत शेजारचे आबा पायाच्या अंगठ्याने माती उकरतात आणि "उद्या बगू" म्हणून निघून जातात.

जीवामृताचा दिवस तर बघण्यासारखा. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर माती. हा वजनकाटा घेऊन बसतो आणि शेण पाव किलो जास्त झालं तर काय, असा प्रश्न ग्रुपवर टाकतो. त्याच्या आईचं लक्ष शेणाकडे नसतं. दोन किलो बेसन पिंपात पडताना त्या माउलीला भज्यांची पूर्ण परात दिसते आणि ती पदर डोळ्यांना लावते.

जुलैत भातलावणी. लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. इथे मात्र त्याचा पंधरा वर्षांचा अनुभव कामी आला. 'चिखलातला रविवार' अशी जाहिरात करून त्याने बाणेर-औंधची कुटुंबं बोलावली. ती लावणी करतात, पिठलं-भाकरी खातात आणि जाताना माणशी पैसे देऊन जातात. मजुराकडूनच मजुरी घेणारा शेतकरी आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही. वाकड्या गेलेल्या ओळी सोमवारी आबा सरळ करून देतात.

शेतीला पाणी विहिरीचं आहे, असं तो सांगतो. खरं पाणी बायकोच्या पगाराचं. नोकरी दोघांनी मिळून सोडायची ठरली होती. मग तो आधी सोडेल असं ठरलं, मग फ्लॅटचे हप्ते तिच्या खात्यावर गेले आणि आता त्या विषयावर घरात मीटिंग लागत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे तो पाहुण्यांना उत्साहाने ऐकवतो. त्या वेळी ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात लावते.

गावाला मात्र या त्यागाचं कोडं सुटलेलं नाही. परवा आबा चहाला आले ते पोराची फाइल घेऊन. "सायेब, कंप्युटरचं झालंय त्याचं. चिकटवा की कुठंतरी." साहेबांनी अर्धा तास मोकळी हवा, माती आणि स्वातंत्र्य यावर प्रवचन दिलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "ते खरंच हाय. पर पगार किती देतील?"

पोरगं चिकटलं. बायकोच्या कंपनीत, तिच्याच शिफारशीने. शिफारशीचा बोनस तिच्या खात्यात जमा झाला, आणि त्या हंगामात त्या दोन एकरांच्या बांधावरून निघालेलं सगळ्यात मोठं रोख उत्पन्न तेच.

थट्टा पुरे. तुमच्या सोसायटीत दिवाळीनंतर हा गृहस्थ टेम्पो घेऊन आला, तर इंद्रायणी त्याच्याकडूनच घ्या. वास अस्सल आहे आणि भात मऊ होतो. भावात मात्र घासाघीस करू नका. केलीत, तर तो खर्चाची शीट उघडतो.