सायकलची वरात

पुणे हे एके काळी सायकलींचं शहर होतं, असं म्हणून सुस्कारे टाकणाऱ्यांनी रविवारी पहाटे सिंहगड रस्त्यावर उभं राहून बघावं. सायकली आजही हव्या तेवढ्या दिसतात. फरक एवढाच, की त्या आता मोटारीने येतात.

मागे डिकीवर काळ्या पट्ट्यांनी जखडलेल्या दोन सायकली, पुढे हेल्मेट चढवूनच स्टिअरिंगला बसलेला चालक आणि शेजारी केळ्यांची पिशवी सांभाळणारा मित्र, असा सरंजाम खडकवासल्याकडे निघतो. धरणाच्या पुढे गाडी झाडाखाली लागते, सायकली उतरतात आणि पर्यावरणरक्षणासाठी पानशेतच्या दिशेने पॅडल मारलं जातं. मग मिसळ. मग सायकली पुन्हा डिकीवर. हवेतला धूरही घटत नाही आणि चालकाचं वजनही.

या वरातीचा घोडा म्हणजे डिकीवर बसणारा स्वस्तातला रॅक. वाकवलेले लोखंडी पाइप, रबरी पॅड, सहा पट्टे आणि त्यांच्या टोकाला प्लॅस्टिक चढवलेले हुक. दोन हुक डिकीच्या वरच्या कडेला, दोन खाली, दोन बाजूंना. वरचे पट्टे भार पेलतात, बाजूचे डुलणं थांबवतात. ड्रिलिंग नको, वेल्डिंग नको, तीन-चार हजारांत काम होतं. म्हणजे बारा लाखांची गाडी, लाखाची सायकल आणि दोघींमधला विश्वास तीन हजारांचा. सायकल घेताना फ्रेमचं वजन पाव किलोने घटावं म्हणून आपण वीस हजार जादा मोजतो. ती टांगायचा पट्टा शोधताना मात्र ‘किंमत : कमी ते जास्त’ अशी यादी लावतो.

थोडं अंतर गेल्यावर थांबा आणि पट्टे पुन्हा आवळा, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. हा कागद खोक्याबरोबर माळ्यावर जातो. तो लिहिणाऱ्याने पुण्याचे रस्ते पाहिलेले नसतात, हेही खरं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. आमच्या गल्लीतला घालणाऱ्याने या दोन आकड्यांची आपसात थोडी देवाणघेवाण केलेली आहे. असे तीन उंचवटे पार केले, की पट्टे तपासायला थांबावं लागत नाही. मागचा स्कूटरवालाच ओरडतो, “ओ काका, सायकल लोंबतीय!” तेवढ्याने त्याचं समाधान होत नाही. सिग्नलला काचेशी येऊन, “एवढी चांगली सायकल आहे तर चालवत का नाही?” हे विचारल्याशिवाय तो हिरव्या दिव्याकडेही बघत नाही.

त्याचं लक्ष असतं याचं कारण भूमितीत आहे. छोट्या मोटारीची रुंदी 1.6 ते 1.7 मीटर, मोठ्या माणसाच्या सायकलची लांबी 1.7 मीटरहून जास्त. आडवी टांगली की चाकं बाहेर डोकावणारच. दोन गाड्यांच्या मधून आपलं हँडल नेमकं जाईल, हा हिशेब इथला दुचाकीस्वार जन्मतः जाणतो. त्या हिशेबात तिसऱ्याच वाहनाचं चाक धरलेलं नसतं.

मग येते नंबरप्लेट. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवा, असा आदेश निघाला. राज्यभर रांगा लागल्या, मुदतींवर मुदती मिळाल्या. लोकांनी वेळ ठरवून, पैसे भरून ती पाटी बसवून घेतली आणि रविवारी तिच्यावर सायकलचं चाक आणून ठेवलं. जर्मनीत रॅकने पाटी झाकली जात असेल, तर त्याच क्रमांकाची आणखी एक पाटी रॅकवर लावावी लागते. आपल्याकडे तिसरी म्हणून मिळतो तो पुढच्या काचेवरचा स्टिकर. मागून येणाऱ्या पोलिसाला त्याचा उपयोग नाही, चालकाला मात्र थोडा आहे.

मागचे दिवे झाकले जातात, रिव्हर्स सेन्सर जिवाच्या आकांताने पीप पीप करत राहतो, खालचं टायर सायलेन्सरच्या तोंडाशी आलं तर भाजून निघतं. पण खरी परीक्षा असते पंक्चरची. रॅक बसला की डिकी उघडत नाही, आणि स्टेपनी, जॅक, पाना, सायकलचा पंप, अशी संकटकाळी लागणारी प्रत्येक वस्तू डिकीतच असते.

सायकलची खरी उन्नती बघायची तर एक्स्प्रेसवेवर जावं. 2002 मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सायकलला मज्जाव आहे. ती स्वतःच्या चाकांवर आली तर गुन्हेगार. डिकीला लटकून ताशी 100 किलोमीटरने गेली तर सन्माननीय प्रवासी, आणि तिचा वेगळा टोलही नाही.

एवढं हसल्यावर त्या चालकाचीही बाजू ऐकायला हवी. तो वेडा नाही. घाटातल्या उतारापेक्षा त्याला घरापासून धरणापर्यंतच्या बसगाड्यांची, डंपरची आणि चुकीच्या बाजूने येणाऱ्यांची धास्ती आहे, आणि ती रास्त आहे. महापालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली रस्त्यावर आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल मार्ग आहेत. कुठे त्यांवर वडापावची गाडी असते, कुठे विजेचा डीपी, आणि उरलेल्या जागेत मोटारी. सायकलच्या रस्त्यावर मोटारी चढल्या, म्हणून सायकल मोटारीवर चढली. रॅकचा खप वाढतो आहे तो सायकलवेड्यांमुळे नव्हे, रस्त्यांमुळे.

तेव्हा वाचकहो, रॅक खुशाल घ्या. पण मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला डिकीवरची सायकल उतरवून द्या आणि म्हणा, “इथून मंडईपर्यंत चालवून दाखवा, मत तुमचं.” तो धडधाकट परत येईपर्यंत स्टेपनी मागच्या सीटवर ठेवा, आणि पहिला गतिरोधक गेला की थांबून पट्टे आवळा.